पडद्यामागचा सूर : कॅरोल किंग आणि तिची ‘टॅपेस्ट्री’

गाणें कोणाचें म्हणावें? ज्यानें तें रचलें त्याचें, कीं ज्याच्या कंठांतून तें लोकांच्या कानीं पडलें त्याचें? व्यवहारांत या प्रश्नाचा निकाल बहुधा गाणाऱ्याच्या बाजूनें लागतो. गाणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. चाल बांधणाऱ्याचें नांव तबकडीवरील बारीक अक्षरांत कोठें तरी राहून जातें. अमेरिकेंतील कॅरोल किंग ही संगीतरचनाकार बाई अशीच दहा वर्षें त्या बारीक अक्षरांत वावरत होती. तिनें बांधलेल्या चाली देशभर गुणगुणल्या जात होत्या. परंतु त्या कोणाच्या, हें फार थोड्यांना ठाऊक होतें. १९७१ सालीं तिनें ‘टॅपेस्ट्री’ नांवाचा आपला दुसरा गीतसंग्रह स्वतःच्या आवाजांत प्रसिद्ध केला, आणि वर्ष सरण्यापूर्वीं तिचें नांव अमेरिकेंत घरोघर पोहोंचलें.

ही हकीकत केवळ संगीताच्या शोकिनांसाठीं नाहीं. घर, मुलें, उपजीविका आणि कला यांची सांगड घालतांना जिची ओढाताण होते अशा कोणाही स्त्रीला, आणि तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही, तींत विचार करण्याजोगें पुष्कळ सांपडेल. शिवाय पहिला प्रयत्न फसल्यावर दुसरा कसा करावा, हाही प्रश्न तींत आहे, आणि त्याचें या बाईनें दिलेलें उत्तर सामान्य अपेक्षेहून निराळें आहे.

गाण्यांचा कारखाना

कॅरोलचा जन्म ९ फेब्रुवारी १९४२ रोजीं न्यूयॉर्क शहरांत एका सामान्य ज्यू कुटुंबांत झाला. माहेरचें आडनांव क्लाइन. ‘किंग’ हें नांव तिनें पुढें व्यवसायासाठीं घेतलें. वडील अग्निशामक दलांत नोकरीला होते, आई शिक्षिका होती. पियानोचे पहिले धडे तिला आईनेंच दिले. कॉलेजांत शिकत असतां तिची गेरी गॉफिन या तरुणाशीं ओळख झाली. त्याला शब्द सुचत, हिला चाली. १९५९ सालीं, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षीं, तिनें त्याच्याशीं विवाह केला आणि पुढच्याच वर्षीं लुईझ ही थोरली मुलगी झाली. शिक्षण तेथेंच थांबलें. दिवसा तो रसायनाच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक म्हणून राबे, ती कचेरींत लेखनिकाचें काम करी, आणि उरलेल्या वेळांत दोघें गाणीं रचीत.

त्या काळीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर गाणीं रचून विकण्याचा धंदा एखाद्या कारखान्यासारखा चाले. ‘ऑल्डन म्युझिक’ या पेढीनें आपल्या रचनाकारांना लहान लहान खोल्या दिल्या होत्या. खोलींत एक पियानो आणि बसण्यापुरती जागा, एवढाच सरंजाम. एका खोलींत एक जोडी चाल जुळवीत असतां भिंतीपलीकडे दुसरी जोडी आपली चाल जुळवीत असे, आणि दोहोंचें लक्ष यंदा कोणत्या गायकाला कसलें गाणें हवें आहे याकडे असे.

१९६० सालीं या दांपत्याचें ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हें गाणें ‘शिरेल्स’ नांवाच्या चार कृष्णवर्णीय तरुणींच्या संचानें गाइलें. आजचें प्रेम उद्यांही टिकेल काय, ही एका मुलीच्या मनांतील शंका हा त्याचा विषय. जानेवारी १९६१ मध्यें तें अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें. कृष्णवर्णीय मुलींच्या संचाला तो मान तेव्हां प्रथमच मिळाला. त्यांतील तंतुवाद्यांची योजना अठरा वर्षांच्या कॅरोलनें स्वतः लिहिली होती. दोघांनीं नोकऱ्यांचा राजीनामा दिला. १९६२ सालीं, मुलीला सांभाळण्यासाठीं घरीं ठेवलेल्या इव्हा नांवाच्या तरुणीकडून त्यांनीं ‘द लोको-मोशन’ हें गाणें गाऊन घेतलें, आणि तेंही यादींत पहिलें आलें. १९६७ सालीं अरीथा फ्रँकलिन या थोर गायिकेनें त्यांचें ‘नॅचरल वूमन’ गाइलें, तें आजही तिच्या उत्तम गाण्यांत गणलें जातें.

या धंद्यांत एक रीत होती. नवें गाणें गायकाला ऐकवावें म्हणून रचनाकार त्याचें एक नमुन्याचें मुद्रण करून ठेवी. कॅरोल पियानोवर बसे, स्वतः गाई आणि नमुना तयार करी. तो लोकांसाठीं नसे. शिंपी कापडाआधीं कागद बेततो, तसा त्याचा उपयोग. १९६२ सालीं असा एक नमुना तिच्याच नांवानें बाजारांत आला आणि बऱ्यापैकीं चाललाही. तरी आपण गायिका आहों असें तिला वाटत नव्हतें. गाणें बांधावें आणि ज्याचा गळा गोड त्याच्या स्वाधीन करावें, हीच तिची समजूत होती. लू ॲडलर नांवाचा एक गृहस्थ त्या वेळीं पेढीचें कॅलिफोर्नियांतील काम पाही. कॅरोलचे हे नमुने त्याच्या हातीं येत आणि ते त्याच्या मनांत भरले होते. या गोष्टीचें महत्त्व पुढें कळून येईल.

फसलेला पहिला प्रयत्न

१९६८ सालीं गॉफिन दांपत्याचा घटस्फोट झाला. लुईझ आणि धाकटी शेरी या दोन मुलींना घेऊन कॅरोल देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजल्सला, राहावयास गेली. तेथील लॉरेल कॅनियन या डोंगराळ वस्तींत त्या दिवसांत अनेक तरुण गायक व वादक राहत असत. तेथें तिनें दोन सहकाऱ्यांबरोबर ‘द सिटी’ या नांवाचा संच काढला व एक संग्रहही मुद्रित केला. परंतु लोकांसमोर उभें राहून गाण्याची तिला विलक्षण धास्ती होती. संचानें गांवोगांव दौरे केले नाहींत, आणि संग्रह खपला नाहीं.

याच सुमारास जेम्स टेलर हा तरुण गायक तिचा स्नेही झाला. त्याच्या संग्रहासाठीं ती पियानो वाजवी. आपलीं गाणीं तिनें स्वतःच गावीं, असा त्याचा आग्रह असे. त्या आग्रहानें तिची भीड हळूहळू चेपली. १९७० सालीं तिचा स्वतःच्या नांवाचा पहिला संग्रह निघाला. त्याचें नांवच ‘रायटर’, म्हणजे लेखिका. ‘मी गायिका नव्हे, लिहिणारी आहें’ असा संकोच त्या नांवांतच डोकावतो. गाणीं चांगलीं होतीं, वादक कसलेले होते, तरीही त्याला म्हणण्यासारखी मागणी आली नाहीं. तो संग्रह आज ऐकतांना असें वाटतें कीं, वाद्यांच्या गर्दींत हा आवाज कोठें बसवावा हेंच कोणाला ठरवितां आलें नव्हतें.

तीन आठवड्यांचें काम

पहिला प्रयत्न फसला कीं माणूस साधारणतः दुसऱ्या खेपेस अधिक खर्च करतो, अधिक साज चढवितो. येथें नेमकें उलट झालें. दुसऱ्या संग्रहाचा निर्माता लू ॲडलर होता. त्या जुन्या नमुन्यांत जें त्याला आवडलें होतें तेंच त्यानें येथें जपावयाचें ठरविलें. ऐकणाऱ्याला असें वाटावें कीं, ही बाई आपल्याच बैठकीच्या खोलींत पियानोपुढें बसून आपल्याकरितां गात आहे. म्हणून पियानो पुढें ठेवला, बाकीचीं वाद्यें मोजकीं ठेवलीं आणि आवाज होता तसा राहूं दिला.

जानेवारी १९७१ मध्यें हॉलिवुडमधील एका ध्वनिमुद्रणगृहांत सुमारें तीन आठवड्यांत हें काम झालें. बास गिटार वाजविणारा चार्ल्स लार्की हा तिचा दुसरा पति. बाकीचे वादक बहुतेक स्नेहीसोबतीच होते. जेम्स टेलर आणि जोनी मिचेल ही गायिका त्याच दिवसांत आपापल्या संग्रहांच्या कामांत होतीं. तींही येऊन साथ करून गेलीं. १० फेब्रुवारी १९७१ रोजीं, कॅरोलच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीं, संग्रह बाजारांत आला.

टॅपेस्ट्री म्हणजे रंगीत धाग्यांनीं विणून काढलेला चित्रमय पट. मुखपृष्ठावर जिम मक्क्रेरी या छायाचित्रकारानें घेतलेलें चित्र आहे. कॅरोल आपल्या घरांतील खिडकीशीं बसली आहे. अंगावर रोजचे साधे कपडे, पाय अनवाणी, केस मोकळे, हातांत स्वतः करीत असलेलें भरतकाम, आणि पुढें उशीवर तिचें मांजर. त्या काळच्या गायिकांच्या चित्रांत जो शृंगार व जी झगमग असे, तिचा येथें मागमूस नाहीं. चित्र पाहणाऱ्याला एखाद्या शेजारणीच्या घरांत डोकावल्यासारखें वाटतें.

संग्रहांत बारा गाणीं आहेत. सातांचे शब्द व चाल दोन्ही तिचींच. दोन टोनी स्टर्न या कवयित्रीच्या साहाय्यानें रचलेलीं. आणि तीन गॉफिनबरोबर रचलेलीं. ‘सो फार अवे’ हें दूर राहिलेल्या माणसाच्या हुरहुरीचें गाणें आहे. ‘यू हॅव्ह गॉट अ फ्रेंड’ हें संकटांत हांक मारतांच धांवून येणाऱ्या मित्राचें आश्वासन आहे. ‘इट्स टू लेट’ याचे शब्द टोनी स्टर्नचे. दोन माणसांमधील जिव्हाळा आटला आहे हें त्यांत एक स्त्री शांतपणें मान्य करते. त्यांत आक्रोश नाहीं, शिव्याशाप नाहींत, दोष कोणाच्या माथीं मारण्याची घाईही नाहीं. सोडून गेलेल्या पुरुषासाठीं झुरणारी नायिका लोकांनीं गाण्यांत पुष्कळ पाहिली होती. असा समजूतदार निरोप घेणारी क्वचितच पाहिली होती.

परंतु या संग्रहाचें मर्म कशांत आहे असें कोणी विचारल्यास आम्ही ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’कडे बोट दाखवूं. १९६० सालीं हेंच गाणें कोवळ्या मुलींनीं द्रुत लयींत गाइलें, तेव्हां त्यांतील प्रश्न पहिल्या प्रेमाचा होता. दहा वर्षांनीं तो प्रश्न अठ्ठावीस वर्षांची, एक विवाह मोडलेली, दोन मुलींची आई विचारीत आहे. लय मंद झाली आहे, मागें टेलर व मिचेल यांचे सूर हलकेच मिसळले आहेत. शब्द तेच, चाल तीच. पण आतां विचारणारीला उत्तर काय असूं शकतें हें ठाऊक आहे. ‘नॅचरल वूमन’चेंही तसेंच. अरीथा फ्रँकलिनच्या कंठांत त्याला प्रार्थनामंदिरांतील घोषाचें तेज आलें होतें. येथें तें बहुतांशीं पियानोच्या साथीवर, जवळजवळ स्वगतासारखें येतें. उसन्या दिलेल्या वस्तु मालकिणीनें परत घरीं आणाव्या, तसें हें झालें.

लोकांनीं केलेलें स्वागत

‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकांत जॉन लँडाउ या टीकाकारानें संग्रहाची मनापासून प्रशंसा केली. त्यांतील आत्मीयता व संगीतकौशल्य या दोहोंचा मिलाफ त्याला विशेष वाटला. रॉबर्ट ख्रिस्टगाउ या दुसऱ्या टीकाकाराचा अभिप्राय अधिक मार्मिक होता. हा आवाज ओबडधोबड आहे, निर्दोष नाहीं, गायनाच्या शिष्टाचारांत तो बसत नाहीं. आणि म्हणूनच तो इतर गायिकांनाही मोकळें करील, असा त्याचा आशय होता. दोषच येथें गुण ठरला आहे, हें त्यानें अचूक हेरलें.

टीकाकारांपेक्षां लोकांचा प्रतिसाद मोठा होता. जून १९७१ मध्यें संग्रह अमेरिकेंतील खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर आला आणि सतत १५ आठवडे तेथेंच राहिला. ‘इट्स टू लेट’ हें गाणेंही ५ आठवडे पहिलें होतें. ‘यू हॅव्ह गॉट अ फ्रेंड’ हें गाणें तिनें जेम्स टेलरलाही मोकळ्या मनानें गाऊं दिलें. त्याच्या आवाजांतील तबकडी जुलैमध्यें पहिली आली. यादींतून हा संग्रह पुढें ३०० हून अधिक आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा वर्षें, हलला नाहीं. जगभर त्याच्या अडीच कोटींच्या आसपास प्रती खपल्या असें मानलें जातें.

मार्च १९७२ मध्यें ‘ग्रॅमी’ हीं संगीताचीं मानाचीं पारितोषिकें जाहीर झालीं. उत्कृष्ट संग्रह, उत्कृष्ट ध्वनिमुद्रिका, उत्कृष्ट गीतरचना आणि उत्कृष्ट पॉप गायिका, अशीं चार पारितोषिकें एकट्या कॅरोलला मिळालीं. गीतरचनेचें पारितोषिक तोंवर कोणाही स्त्रीला मिळालें नव्हतें. समारंभाला मात्र ती गेली नाहीं. डिसेंबर १९७१ मध्यें तिला तिसरी मुलगी झाली होती. त्या तान्ह्या मुलीजवळ ती घरींच राहिली आणि तिच्या वतीनें लू ॲडलरनें पारितोषिकें स्वीकारलीं.

या प्रसंगाचा अर्थ दोन प्रकारें लावतां येतो. कोणी म्हणेल, पहा, एवढी कर्तबगार स्त्री, तरी शेवटीं घराला चिकटून राहिली. आम्हांस तसें वाटत नाहीं. तिचें काम आधींच पुरें झालें होतें आणि तें जगापुढें होतें. राहिला होता तो केवळ टाळ्यांचा भाग. काम सोडून घरीं बसणें आणि टाळ्या सोडून घरीं बसणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. स्त्रीला पहिली गोष्ट करावयास लावणारें घर तिचें नुकसान करतें. दुसरी गोष्ट ती स्वखुषीनें करीत असेल, तर तिच्याबद्दल हळहळण्याचें कारण नाहीं.

यशाची दुसरी बाजू

एवढ्या यशाचें ओझेंही असतें. कॅरोलचे पुढील संग्रह वाईट नव्हते. ‘म्युझिक’ हा १९७१ अखेर निघालेला आणि ‘रॅप अराउंड जॉय’ हा १९७४ मधील, हे दोन्ही यादींत पहिले आले. तरी प्रत्येक नव्या संग्रहाला लोक ‘टॅपेस्ट्री’च्या मापानेंच मोजीत राहिले. संग्रहालाही मर्यादा आहेत. वरच्या स्वरांत आवाज ताणला जातो, किंचित् फाटतो. ‘स्मॅकवॉटर जॅक’सारखें गाणें इतरांच्या पंक्तींत उपरें वाटतें. ज्यांना गाण्यांत तानांची करामत हवी त्यांना येथें फारसें कांहीं मिळणार नाहीं.

याहून गंभीर गोष्ट तिच्या आयुष्याची. लक्षावधि स्त्रियांना ज्या गाण्यांनीं धीर दिला, तीं गाणारी स्वतः पुढें तिसऱ्या पतीकडून मारहाण सोशीत होती. ही गोष्ट तिनेंच २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. कीर्ति, पैसा आणि बुद्धि हीं तिन्ही जवळ असूनही स्त्री घरच्या चार भिंतींत निराधार होऊं शकते, हें त्यावरून कळतें. तिच्या गाण्यांतील धैर्य खोटें ठरत नाहीं. पण धैर्याचें गाणें लिहितां येणें आणि वेळीं तें अंगीं आणतां येणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढें मात्र खरें.

‘टॅपेस्ट्री’मधील ‘व्हेअर यू लीड’ या गाण्याची पुढील कथा या संदर्भांत लक्षांत घेण्याजोगी आहे. टोनी स्टर्नबरोबर रचलेल्या या गाण्यांत स्त्री आपल्या प्रियकराला, तूं नेशील तिकडे मी येईन, असें सांगते. कालांतरानें कॅरोलला ही भाषा पटेनाशी झाली आणि कार्यक्रमांतून तिनें तें गाणें वगळलें. २००० सालीं एका आई-मुलीच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेसाठीं त्याची मागणी आली, तेव्हां तें नव्या रूपांत तिनें आपली थोरली मुलगी लुईझ हिच्यासह गाइलें. तेंच वचन आतां आई आणि मुलगी एकमेकींना देतात. चाल न मोडतां नात्याचा अर्थ बदलला. जुनें सगळें टाकून द्यावें किंवा जुनें सगळें जपावें, या दोन टोकांमध्यें एक तिसरी वाट असते, ती येथें दिसते.

संग्रहाला पुढेंही मान मिळत राहिला. २००३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें, जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहींत त्याचा समावेश केला. त्याच ग्रंथालयाचें गीतरचनेबद्दलचें गर्शविन पारितोषिक २०१३ सालीं कॅरोलला मिळालें. तें मिळविणारी ती पहिली स्त्री होय. जुलै २०१६ मध्यें, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, तिनें लंडनच्या हाइड पार्कमध्यें अफाट समुदायापुढें हा संपूर्ण संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रथमच गाऊन दाखविला. लोकांसमोर उभें राहण्याच्या भीतीनें जिनें एके काळीं दौरे टाळले होते तीच ही बाई. १९९० सालीं ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेनें गॉफिनसह तिचा रचनाकार म्हणून गौरव केला होता. २०२१ सालीं, ‘टॅपेस्ट्री’ला पन्नास वर्षें झालीं त्याच वर्षीं, तोच गौरव तिला गायिका म्हणून पुनः मिळाला. त्या दोन गौरवांमध्यें एकतीस वर्षें गेलीं.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें एकच उत्तर देतां येणार नाहीं. शिरेल्सचें गाणें शिरेल्सचें आहे आणि अरीथा फ्रँकलिनचें तिचें. त्यांच्या गळ्यांनीं त्या चालींना जें दिलें तें कॅरोलला देतां आलें नसतें. पण त्याच चालींत आणखी एक अर्थ दडलेला होता, आणि तो बांधणारीनें स्वतः गाइल्याखेरीज बाहेर आला नसता. पुष्कळ घरांत अशी एखादी स्त्री असते, जी दुसऱ्यांचे समारंभ सजविते, दुसऱ्यांचीं भाषणें लिहून देते, मुलांना गाणीं शिकविते आणि स्वतः मात्र मागें राहते. तिचा आवाज गोड नसेल, तिची भाषा घोटीव नसेल. तरी एकदां तिला पुढें बसवून, साज न चढवितां, ऐकून घ्यावें. जेम्स टेलर आणि लू ॲडलर यांनीं कॅरोलसाठीं याहून फारसें निराळें कांहीं केलें नव्हतें.